पैलवानांनी अडवलेली खोली

तोमोएला कोणी गावातल्या संडासांबद्दल विचारलं असतं, तर तिने तासभर माहिती दिली असती. बाजारातल्या संडासाची कडी नीट लागत नाही. धक्क्यावरच्या संडासात बसायची जागा छान कोमट असते, पण दाराखालून वारा येतो. ग्रंथालयातला त्यातल्या त्यात बरा, फक्त तिथला दिवा दर दोन मिनिटांनी आपोआप विझतो आणि मग एका हाताने लेकरू सांभाळत दुसरा हात हवेत हलवत बसावं लागतं. सात महिन्यांत तिने कमावलेलं ज्ञान ते हे, आणि तेही लेकीला अंगावर पाजता पाजता.

आता चांगली घरंदाज बाई संडासात बसून का पाजते म्हणाल, तर त्याचं कारण एक म्हातारा. चियो दोन महिन्यांची असताना तोमोए तिला घेऊन बोटीने पलीकडच्या गावी निघाली होती. मध्येच चियोने टाहो फोडला. तोमोएने पाजताना पुढे पांघरायची झूल गळ्यात अडकवली, आणि चियोने ती लाथेने उडवून लावली. समोरच्या म्हाताऱ्याने वर्तमानपत्राची घडी घातली आणि कोणाकडेही न बघता तो म्हणाला, "हल्लीच्या आयांना घरात बसवत नाही." बस्स, एवढंच. ना शिवी, ना आरडाओरडा. बाकीचे वीस जण फोनमध्ये डोकं खुपसून बसले. तोमोएला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारा पुढच्या धक्क्यावर बोटीतून उतरला, पण तोमोएच्या डोक्यातून काही उतरला नाही.

तेव्हापासून चारचौघांत पाजायचं नाही, असं तिने ठरवूनच टाकलं. संडास नाहीतर मोटार, आणि दोन्ही नसेल तर घरी पोचेपर्यंत चियोला झुलवत राहायचं. पण दुधाला कुठे लोकलाज असते? ते आपलं वेळेवर भरून यायचं आणि दाटून बसायचं. दोनदा छातीत गाठ झाली, दोनदा तापाने फणफणली. दुसऱ्या खेपेला सुईणबाईंनी गाठ दाबून दाबून मोकळी केली तेव्हा तोमोएने तोंडात टॉवेलचा बोळा धरला होता.

"हे बघ पोरी," सुईणबाई हात पुसत म्हणाल्या, "आता तिसऱ्यांदा झालं तर पू होईल आणि डॉक्टर सरळ चीर देतील. पोर भुकेजलं की पाजायचं, असशील तिथे पाजायचं. ते जमत नसेल तर वरच्या दुधाचा डबा आण आणि सुटी कर. त्यातही काही पाप नाही. पण हे असं मधल्यामध्ये लटकू नकोस."

हे तिच्या सासूबाईंच्या कानावर गेलं. हात्सुएबाई, म्हणजे गावातल्या तोफूच्या दुकानाच्या मालकीणबाई. पहाटे चारला उठून सोयाबीन दळणारी बाई, तिला लटकत राहिलेली कुठलीच गोष्ट आवडत नाही. गुरुवारी रात्रीच्या जेवणाला त्यांनी दुधाच्या भुकटीचा नवाकोरा डबा आणून टेबलावर ठेवला.

"सोमवारपासून हे सुरू करू," त्या म्हणाल्या. "मी काही वाईट म्हणून सांगत नाही, तोमोए. तुझे हाल बघवत नाहीत. हा काझुमासुद्धा डब्यावरच वाढलाय. काय झालंय त्याला?"

तोमोएने नवऱ्याकडे बघितलं. काझुमा शेवया सुर्रकन ओढत होता. त्याला काही झालेलं दिसत नव्हतं.

"बरं, आई," ती म्हणाली. मग आंघोळीच्या टबात बसून पोटभर रडली. कारण तिला पाजणं सोडायचं नव्हतं. दूध पिताना चियो एका हाताने तिच्या छातीवर थापट्या मारायची, मध्येच थांबून वर बघून हसायची आणि दुधाची धार गालावरून सोडून द्यायची. दिवसभरात तेवढाच वेळ तोमोएला वाटायचं, की आई म्हणून आपल्याला काहीतरी बरं जमतंय. आणि तेवढंच सोमवारी जाणार होतं, बोटीतल्या त्या मेल्या म्हाताऱ्यामुळे.

सोमवारच्या आधी रविवार आला, आणि रविवारी देवळात रडकी कुस्ती होती.

रडकी कुस्ती दरवर्षी असते. दोन पैलवान दोन तान्ह्या पोरांना उचलून आखाड्यात समोरासमोर धरतात, आणि जे पोर आधी रडेल ते जिंकतं. रडतं ते पोर वाढतं, म्हणतात. हात्सुएबाईंच्या घरात या कुस्तीचा दांडगा अभिमान. चियोचे आजोबा जिंकले होते, काझुमा तर पैलवानाच्या मिशा बघूनच जिंकला होता. दोघांचे भोकाड पसरलेले फोटो दुकानात गल्ल्याच्या वर चौकटीत लावलेले आहेत. तिसऱ्या चौकटीचा खिळा हात्सुएबाईंनी चियोच्या बारशालाच ठोकून ठेवला होता.

जिंकायची त्यांची युक्तीही ठरलेली. "सकाळी सातला पाज आणि मग थांब. झोपू द्यायचं नाही. दहाला कुस्ती. भुकेलं, पेंगुळलेलं पोर पैलवानाच्या हातात गेलं की वाजतंच बघ."

फोटो निघणार म्हणून त्यांनी तोमोएला आपल्या दिवंगत सासूचा निळसर किमोनो नेसवला. कंबरेचा रुंद पट्टा असा आवळला, की तोमोए म्हणाली, "आई, श्वास?"

"वरच्या वर घे. फोटोपुरता पुरतो."

आणि नेमक्या त्याच दिवशी पैलवानांची बस घाटात अडकली. दहाचे साडेदहा झाले, मग अकरा. आखाड्याभोवती चाळीस आया चाळीस पोरांना घेऊन उभ्या, त्यांच्यामागे आजी-आजोबा, आणि वर मे महिन्याचं ऊन. साडेअकराला चियोने सुरुवात केली. आधी कुरकुर, मग मुठी, मग असलं काही भोकाड पसरलं, की देवळाच्या छपरावरचे कावळे उडाले.

"अगं बाई, आत्ताच वाजवून संपवतेय ही," हात्सुएबाईंचा जीव खालीवर झाला. "आखाड्यात काय उरणार मग? काझुमा, पाजायची खोली कुठे आहे ती बघ. दोन घोट पाजून गप्प करू, पोटभर नको."

काझुमा धावत गेला आणि हात हलवत परत आला. देवळाच्या कचेरीमागे पाजायची खोली होती खरी. पण बस एकदाची आली होती, आणि खोलीच्या पाटीवर कागद डकवला होता – पैलवानांची कपडे बदलायची खोली.

"दार वाजवलं मी," तो म्हणाला. "आतून एक जण म्हणाला, थांबा, लंगोट नेसतोय."

"मग मोटारीत?"

"मोटार नदीपलीकडे लावलीय. जाऊन यायला अर्धा तास. तेवढ्यात नंबर पुकारला तर?"

तोमोए ऐकत होती, पण तिचं सगळं लक्ष छातीकडे लागलं होतं. लेकीच्या एकेका हंबरड्यासरशी दूध भरून येत होतं. आवळलेल्या पट्ट्याच्या वर डावीकडे तो ओळखीचा दगड जमायला लागला होता. ही तिसरी गाठ, तिला कळलं. आतलं वस्त्र भिजून अंगाला चिकटलं होतं.

हात्सुएबाईंनी पिशवी उघडली. त्यात तो डबा होता. बाटली होती, गरम पाण्याचा थर्मासही होता. बाई तयारीनिशी आली होती.

"सोमवारचं आज करू," त्या हळूच म्हणाल्या. आवाजात जबरदस्ती नव्हती, आणि त्यामुळेच नाही म्हणणं जास्त अवघड होतं. "एका दिवसाने काय बिघडतंय? दे इकडे तिला."

तोमोएचे हात पुढे झालेसुद्धा. तिला वाटलं, चला, संपलं एकदाचं. आणि त्याच वेळी आखाड्याच्या बाजूने ढोल वाजला.

पाजायच्या खोलीतून पैलवान बाहेर आले. आठ जण, ओळीने. लंगोट सोडला तर अंगावर सूत नाही. आणि काय एकेक देह! पुढच्याची छाती चालताना अशी हिंदकळत होती, की तोमोए बघतच राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्या बायका पुढे होऊन त्यांच्या उघड्या पाठीवर, पोटावर हात फिरवायला लागल्या, बळ मिळतं म्हणून. मधल्या वयाच्या बायका नुसत्याच बघत होत्या, डोळे भरून. आजोबालोक फोटो काढत होते. लहान पोरं बोटं दाखवत होती. कोणीही फोनमध्ये डोकं खुपसलं नव्हतं, कोणीही वर्तमानपत्राची घडी घातली नव्हती.

तोमोएने त्या पहिल्या पैलवानाकडे बघितलं, मग खाली स्वतःकडे बघितलं. तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग चांगलं मोठ्याने.

"काय गं, काय झालं?" काझुमा घाबरला. त्याला वाटलं, ऊन डोक्यात गेलं.

"सोळा," तोमोए म्हणाली. "मोजून सोळा छात्या उघड्यावर चालल्यायत, काझुमा. त्यातली एकही पोराच्या कामाची नाही. आणि सगळ्या माझ्याहून मोठ्या."

ती आखाड्यासमोरच्या पहिल्या बाकावर जाऊन बसली. अगदी मधोमध. चियोला मांडीवर आडवं घेतलं आणि गळ्यापाशी किमोनो सोडवायला लागली. भीती वाटत होती, हे खोटं कशाला सांगा. पण उठायचं नाही, एवढं तिने मनाशी घट्ट धरलं होतं.

हात्सुएबाई डबा हातात घेऊन समोर येऊन उभ्या राहिल्या. "काय करतेस?"

"पाजतेय, आई."

"इथे?"

"इथेच."

पण किमोनो कुठे सुटतोय? पट्टा सासूबाईंनी आवळलेला, आणि त्यांनी आवळलेलं तोफूचं फडकंसुद्धा कोणाच्या बापाला सुटत नाही. तोमोएने गळा ओढला, दोन बोटं सरकला, पुन्हा मिटला. चियो आईच्या गळ्यापाशी तोंड घासत आकांत करत होती. मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. तोमोएच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने. इतका धीर करायचा आणि एका पट्ट्याने घात करायचा.

हात्सुएबाई तिच्या शेजारी बसल्या. डबा खाली जमिनीवर ठेवला. तोमोएचा डावा हात वर उचलून त्यांनी काखेखाली बोटं घातली. तिथे बाहीच्या खाली, किमोनोच्या कडेला वीतभर शिवण सोडलेली होती.

"इथून," त्या म्हणाल्या. "गळ्याशी काय झोंबतेस? ही फट वाऱ्यासाठी ठेवलीय होय? कापड असं पुढे सरकव. आतल्या वस्त्रालाही इथेच आहे. हां. आता घे तिला."

तोमोएने घेतलं. चियोने एकदा डोकं डावीउजवीकडे आपटलं, सापडलं, आणि हंबरडा अर्ध्यावर तोडून ती गटागटा प्यायला लागली. एवढी शांतता झाली, की तिचं गिळणं ऐकू येत होतं.

"तुम्हाला कसं माहीत?" तोमोएने विचारलं.

"सासू पाजायची ना माझी. धाकट्या नणंदेला. दुकानाच्या उंबरठ्यावर बसून, याच किमोनोत. एका हाताने पोर, दुसऱ्या हाताने गिऱ्हाइकाला तोफू." हात्सुएबाई समोर आखाड्याकडे बघत बोलत होत्या. "मी नवी नवरी. मला मेलीला इतकी लाज वाटायची. काझुमा झाला तेव्हा दवाखान्यातल्या बायका म्हणाल्या, डबा सुधारलेला, डबा स्वच्छ. मी लगेच छाती बांधून टाकली. सासू एक शब्द बोलली नाही. तीन दिवस दूध वाहत होतं, तीन दिवस मी फडकी धूत होते." त्यांनी तोमोएची बाही सारखी केली. "किती वर्षं झाली, कोणाला बोलले नव्हते. पाय वर घे तुझा, नाहीतर कंबर धरेल."

आणि त्यांनी तो नवाकोरा डबा ढकलून तोमोएच्या पायाखाली सरकवला. उंचीला अगदी नेमका बसला.

तेवढ्यात दंडाला फीत बांधलेले उत्सव समितीचे एक गृहस्थ कमरेत वाकत वाकत आले. फार सभ्य माणूस. "माफ करा हं, बाई. म्हणजे, आमची काही हरकत नाही. पण इथे लहान मुलं आहेत."

बोटीत असती तर तोमोए याच्या निम्म्या शब्दांनी गारद झाली असती. पण आता तिच्या डाव्या कुशीतला दगड विरघळत होता, आणि लेक छातीवर थापट्या मारत होती.

"लहान मुलांसाठीच आहे हे, काका," ती म्हणाली.

मागच्या बाकावरच्या आजीबाई खुदकन हसल्या. हात्सुएबाई उठून उभ्या राहिल्या आणि ज्या आवाजात सकाळी गल्लीभर तोफू विकतात त्याच आवाजात म्हणाल्या, "का हो, पाजायची खोली पैलवानांना कोणी दिली? तुम्हीच ना? मग आता पैलवानांना जाऊन सांगा, कपडे घाला, लहान मुलं आहेत."

अख्खी रांग हसली. गृहस्थ जसे वाकत आले होते तसे वाकत मागे गेले. पण बोलणं पैलवानांच्या कानावर गेलंच. तो पहिला, हिंदकळणारा, लाजेने लालबुंद होऊन समोर आला आणि त्याने जमेल तेवढं झुकून नमस्कार केला.

"ताई, चूक झाली. आम्हाला ठाऊक नव्हतं कसली खोली ती. मी असा आडोसा करून उभा राहतो तुमच्यासमोर. कोणाला काही दिसणार नाही."

खरंच काही दिसलं नसतं. एवढी मोठी भिंत गावात दुसरी नव्हती. आठवड्यापूर्वी तोमोएने त्याचे पाय धरले असते.

"नको, दादा," ती म्हणाली. "माझं ऊन अडतंय. आणि मला आखाडा बघायचाय."

कुस्त्या सुरू झाल्या. पोरं रडत होती, जिंकत होती, ढोल वाजत होता. काझुमा हातात कॅमेरा घेऊन घुटमळत होता. "फोटो काढू का?" त्याने भीत भीत विचारलं. "काढ की," तोमोए म्हणाली, "मग आलास कशाला?" आणि पंचांनी नाव पुकारलं, "चियो!"

हात्सुएबाईंनी सवयीने पोराला उचलायला हात पुढे केले. तोमोएने मान वर केली आणि पहिल्या बाकावरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "जरा थांबा. दुसरी बाजू राहिलीय."

पंच म्हणजे देवळाचे म्हातारे पुजारी. चाळीस वर्षांत आखाडा असा कोणी थांबवला नव्हता. त्यांनी हातातला पंखा मिटला, डोकं खाजवलं आणि ते आखाड्याच्या काठावर चक्क मांडी घालून बसले. "पिऊ दे," ते म्हणाले. ढोलवाल्यानेही टिपऱ्या खाली ठेवल्या. दोनेकशे माणसं उभी होती, बोलत होती, घाम पुसत होती, आणि तोमोए सगळ्यांच्या देखत चियोला उजवीकडे वळवून पाजत होती. तिला वाटलं, आता लाज येईल, मग येईल. आली नाही. आला तो अभिमान, असा छातीभर, की पट्टा पुन्हा आवळल्यासारखा वाटला.

मग चियो आखाड्यात गेली. त्याच मोठ्या पैलवानाच्या हातात. समोर गावातल्याच नोझावांचा नातू, दहा महिन्यांचा, आधीच ओठ काढून तयार. पंच ओरडले, ढोल वाजला. नोझावांच्या नातवाने आभाळ डोक्यावर घेतलं. चियोने एक जांभई दिली, ओठांच्या कोपऱ्यातून दुधाची धार सोडली, आणि पैलवानाच्या त्या अफाट छातीवर गाल टेकून झोपून गेली.

पुजाऱ्यांनी तिच्या कानाशी आरोळी ठोकली. राक्षसाचा मुखवटा घालून "ऊं ऊं" केलं. चियो घोरायला लागली. लोक हसून हसून एकमेकांवर कोलमडत होते. तीन पिढ्यांच्या अभिमानाचा चक्काचूर झाला होता, आणि हात्सुएबाई डोळे पुसत होत्या, पण त्याही हसूनच.

पुजाऱ्यांनी मुखवटा वर सरकवला. "रडतं ते पोर वाढतं, म्हणून याला विजयी करतो," त्यांनी नोझावांच्या नातवाकडे पंखा केला. मग चियोकडे वळले. "पण आपल्या थोरांनी हेही सांगून ठेवलंय, झोपतं ते पोर वाढतं. आणि हिच्याइतकं पोट भरून या आखाड्यात आजवर कोणी आलेलं नाही. दोघंही जिंकले."

तोमोए लेकीला घेऊन पुन्हा त्याच बाकावर येऊन बसली. पाय आपसूक डब्यावर गेला. हात्सुएबाईंनी थर्मास उघडला, बाटलीसाठी आणलेलं गरम पाणी झाकणात ओतलं आणि तिच्यापुढे धरलं. "पी. पाजणारीला तहान लागते, एवढं मलाही कळतं."

ती पीत होती तोच नोझावांची सून रिहो समोर आली. तीही नखशिखांत नटलेली, आणि तिचा विजेता अजून थांबायला तयार नव्हता. तो तिच्या गळ्याशी तोंड घासत होता. तिच्या किमोनोवर पुढे दोन ओले ठिपके उमटले होते, आणि ते झाकायला ती पोराला उंच धरून उभी होती. चेहरा रडवेला.

"ताई," तिने अगदी हळू विचारलं, "पाजायची खोली कुठे आहे हो?"

"खोली पैलवानांनी अडवलीय," तोमोए म्हणाली. ती बाकावर सरकली, शेजारी जागा केली, आणि पायाने डबा तिच्या बाजूला ढकलला. "ये, बैस. पाय याच्यावर ठेव."